पंप काढा, डबा ठेवा

आनिबाल टोस्टे अजून जिवंत आहे, हे आधीच सांगून टाकते. गावात हल्ली लोक ‘टोस्टे असा होता, टोस्टे तसा होता’ असं बोलायला लागलेत आणि ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अरे, माणूस लेकीकडे सॅक्रामेंटोला राहायला गेलाय, दोन तासांच्या वाटेवर. वर नाही गेला!

पण मीसुद्धा सांगायला बसले की ‘होता’च म्हणणार, ते मला माहीत आहे. चालायचंच.

मी इल्डा. गस्टीनच्या मुख्य रस्त्यावर मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं, तिथल्या काउंटरमागे मी एकतीस वर्षं उभी राहिले. आमच्या गावात माणसं दोनच प्रकारची, गाई असलेली आणि गाई विकलेली. सगळे एकाच मुळाचे, असोरेस बेटांवरून आलेल्यांची पोरं-नातवंडं. टोस्टेचा बाप पहिल्या प्रकारातला, अगदी कट्टर. पोरगा वीस वर्षांचा झाल्यावर त्याने त्याला तीन दुभत्या गाई दिल्या, तुझा संसार तू मांड म्हणून. पोराने महिन्याभरात तिन्ही विकल्या आणि एक इंग्लिश गाडी घेऊन आला. एमजी. दोन माणसांची, बिनछपराची, जमिनीला टेकलेली. बाप गोठ्यातून बाहेर आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “दूध किती देते?”

त्यानंतर चार वर्षं बाप त्याच्याशी बोलला नाही. पाचव्या वर्षी बापाने नवीन गोठा बांधला आणि जुना टोस्टेला देऊन टाकला, न बोलताच. चावी जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली, बस्स. त्या गोठ्यात धार काढणारा माणूस खाली उभा राहतो तो लांबलचक खड्डा होता ना, तो टोस्टेला गाडीखाली उभं राहायला आयताच मिळाला. झालं गॅरेज. पुढे पन्नास वर्षं त्या गॅरेजात कितीही तेल सांडलं तरी पावसाळी हवेत शेणाचा वास यायचाच. टोस्टे म्हणायचा, “इंग्लिश गाड्यांना खानदानी वास आवडतो.”

आता पंपाचं सांगते, कारण टोस्टेचं नाव झालं ते त्या पंपामुळे.

सत्तरच्या आसपास सरकारने धुराविरुद्ध कंबर कसली. इंग्लंडहून येणाऱ्या गाड्यांच्या इंजिनावर एक पंप बसून यायला लागला. पट्ट्यावर फिरणार, बाहेरची हवा ओढणार आणि चार बारीक नळ्यांतून इंजिनात फुंकणार, म्हणजे उरलासुरला धूर तिथेच जळून जावा. टोस्टेच्या बापाने पहिल्यांदा ते पाहिलं, चार नळ्या एका इंजिनाला लावलेल्या, आणि म्हातारा पोट धरधरून हसला. “अखेर हिलाही धार काढायचं यंत्र लावलंत की रे!” बापलेकातलं भांडण खऱ्या अर्थाने मिटलं ते त्या दिवशी.

पंप गाडीचा जोर खातो असं सगळेच म्हणायचे. टोस्टेच एकटा म्हणायचा की जोर-बिर काही खात नाही, उगाच बाऊ करता. पण पंप कण्हायचा, पट्टा किंचाळायचा, उतारावर पाय उचलला की मागून बार उडायचे आणि त्या नळ्यांच्या जाळ्यातून प्लग काढताना बोटांची सालटी निघायची. म्हणून लोक पंप काढायला टोस्टेकडे यायचे. फ्रेस्नोहून यायचे, मोडेस्टोहून यायचे. पंप काढणं म्हणजे कुणालाही चार बोल्ट सोडण्याचं काम वाटतं. नळ्या काढल्यावर इंजिनाच्या डोक्यात चार भोकं उरतात, ती बुजवायची. हातात येईल तो बोल्ट तिथे कोंबला तर त्याचं टोक आत लटकतं आणि तापून लालभडक होतं. टोस्टे प्रत्येक बूच मापात कापायचा, कानशीने घासायचा, आणि आतून बोट फिरवून बघायचा. हवा खेचणाऱ्या बाजूला एक भोक राहतं, तेही बुजवायचं, नाहीतर इंजिन दम्याच्या माणसासारखं धापा टाकतं.

आणि मग त्याचा नियम. तो नियम त्याने गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिला होता: पंप काढा, डबा ठेवा.

डबा म्हणजे कोळशाने भरलेला एक काळा डबा, इंजिनाच्या कोपऱ्यात असतो. पेट्रोलच्या टाकीची वाफ एका नळीतून तिथे येते. या गाड्यांच्या टाकीचं झाकण घट्ट असतं, त्यातून वारा आत जात नाही. टाकी श्वास घेते ती त्या डब्यातूनच. पण पंप काढायची झिंग चढलेला माणूस डबाही उपटतो, उरलेल्या नळीला बूच मारतो आणि ऐटीत निघतो. वीसेक मैल गाडी झकास चालते. मग पेट्रोल जाईल तसं टाकीत हवा यायला वाट नाही, गाडी आचके देते आणि मरते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. लोक वेडे व्हायचे. कार्बोरेटर बदलायचे, वायरी बदलायचे, एकाने तर बायकोला दोष दिला, ती बसली की बंद पडते म्हणून! शेवटी गाडी टोस्टेकडे यायची. टोस्टे बॉनेट उघडायचाच नाही. मागे जायचा, मालकाला जवळ उभं करायचा आणि टाकीचं झाकण फिरवायचा. फुस्स!

“ऐकलंस?” टोस्टे विचारायचा. “तिचं नाक दाबून तिला डोंगर चढायला लावतोस होय रे?”

याचे पैसे त्याने कधी घेतले नाहीत. म्हणायचा, माझी करमणूक झाली, तेवढं पुरे.

कायद्याचं म्हणाल तर पंप काढणं गुन्हा होता, आजही आहे. चौऱ्याऐंशी साली दर दोन वर्षांनी धुराची तपासणी सुरू झाली तेव्हा सगळ्यांचं धाबं दणाणलं. गावात एमजी सात, सातही टोस्टेच्या हाताखालून गेलेल्या, आणि पंप लोकांनी कुठे कुठे टाकलेले. एकाने तर तो कोंबड्यांच्या खुराड्याचं दार टेकवायला वापरला होता. धड चालणारा पंप गावात एकच उरला होता, टोस्टेच्या फळीवरचा.

आमच्याकडे ईस्टरनंतर सात आठवडे पवित्र आत्म्याचा मुकुट घरोघर मुक्कामाला जातो. एका घरी एक आठवडा, रोज संध्याकाळी प्रार्थना, शेवटी मोठी मेजवानी. तर टोस्टेने काय करावं? त्याने सात गाड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि पंपाचे सात आठवडे लावून दिले! आज मेंडोन्साच्या गाडीवर बसला, तपासणी झाली, काढला, पुढच्या आठवड्यात आझेवेदोच्या. पंप नेताना लोक त्याला स्वच्छ पंच्यात गुंडाळून न्यायचे. मला वाटलं आमच्या चर्चचे फादर कोएल्यो आता पेटणार. फादर आले, सगळं ऐकून घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, “माझा आठवडा कितवा?” कारण सातवी गाडी त्यांचीच होती.

लॉस बान्योसला तपासणारा माणूस काही आंधळा नव्हता. एकाच पंपावरचा तोच पोचा तो सात आठवड्यांत सातदा बघायचा. एका वर्षी तो मला म्हणाला, “यंदा जरा थकल्यासारखा दिसतोय नाही तुमचा पंप?” मी म्हटलं, “फिरती फार आहे त्याला.”

काय दिवस होते ते! आता हसू येतं आणि लाजही वाटते, खरं सांगते. आमच्या दरीतली हवा जागची हलत नाही. हिवाळ्यात धुकं बसतं ते बसतंच, उन्हाळ्यात सगळं पिवळं. त्या पंपाची आम्ही टिंगल केली आणि आज माझी नात खिशात दुसराच पंप, दम्याचा, घेऊन शाळेत जाते. पण तेव्हा काही सुचत नव्हतं. तेव्हा शनिवारी दुपारी गोठ्याचं दार सताड उघडं असायचं, टोस्टेची बायको ओदेत गोड पाव घेऊन यायची, तापलेल्या इंजिनावर कागदात गुंडाळून लिंगीसा, आमच्याकडचं सॉसेज, भाजायला ठेवलेला असायचा आणि गाडीखालून टोस्टेचा आवाज यायचा, “इल्डे, परत चुकीचा वायसर दिलास!” मी वरून ओरडायचे, “डोळे तपासून घे, मेल्या!” चूक त्याचीही नसायची न् माझीही. वायसर पाठवणाऱ्याची असायची. पण भांडल्याशिवाय शनिवार झाल्यासारखा वाटायचा नाही.

पुढे जुन्या गाड्यांना तपासणी माफ झाली. पंपाची फिरती संपली. सातातले चौघे गेले, ओदेत गेली, आमचं दुकान बंद झालं. टोस्टे मात्र रोज सकाळी सात वाजता गोठा उघडायचा, काम असो नसो. मी साडेसातला कॉफी घेऊन जायचे. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. मला तो माणूस आवडायचा. प्रेम म्हणा हवं तर, या वयात मला कुणाची भीती आहे?

मग चुका सुरू झाल्या. आधी बारीकसारीक. मला एकदोनदा ओदेत म्हणाला. मी ते सोडून दिलं. पण दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत त्याने फादरच्या गाडीतलं जुनं तेल काढलं आणि नवीन भरायचं विसरला. इंजिन तीन मैलांवर जाम झालं. ईस्टरला त्याची लेक लुसिंडा आली तेव्हा कुणीतरी तिच्या कानावर घातलंच.

स्वयंपाकघरात बसलो होतो आम्ही तिघं. लुसिंडा शाळेत शिकवते, बोलायला लागली की खडूच दिसतो हातात.

“पापा, बस झालं आता. गॅरेज विकायचं आणि तुम्ही माझ्याकडे यायचं. मी वरची खोली रिकामी केलीये.”

टोस्टे ताटातल्या पावाशी खेळत राहिला. “मी तिथे काय करू दिवसभर?”

“आराम करा!”

“आराम मी मेल्यावर करीन की. भरपूर वेळ असतो तेव्हा.”

“थट्टा नकोय मला. तेल विसरलात, उद्या ब्रेक विसराल. कुणाचा जीव गेला तर?”

यावर त्याने ताट बाजूला सरकवलं. ते मला बघवेना आणि माझं तोंड सुटलं. माझं तोंड नेहमीच आधी सुटतं, डोकं मागाहून येतं.

“एका चुकीवरून माणसाला मोडीत काढतेस होय गं?” मी म्हटलं. “मी सांगते काय करायचं. मी ती सूझाच्या शेतावरची त्र्याहत्तरची एमजी घेतलीये ना, तिला पंप, डबा, सगळं अजून जसंच्या तसं आहे. तुझा बाप एकटा तो पंप काढेल. मग आम्ही दोघं त्या गाडीतून खिंड ओलांडून समुद्रावर चर्चच्या सहलीला येतो. वाटेत गाडी ओढून आणायला कुणाला बोलवावं लागलं नाही, तर तू वर्षभर गॅरेजचं नाव काढायचं नाहीस.”

लुसिंडाने माझ्याकडे बघितलं. मला ती टिया म्हणते, म्हणजे मावशी. “आणि बोलवावं लागलं तर, टिया?”

“तर मी स्वतः फाटकावर ‘विकणे आहे’ची पाटी लावीन.”

“कबूल,” टोस्टे म्हणाला, आणि महिन्याभरात पहिल्यांदा ताठ बसला.

मी ती गाडी मुद्दाम घेतली होती, हे आता कबूल करते. त्याला काम मिळावं म्हणून. हे काम त्याने डोळे मिटून तीनशे वेळा केलं असेल. मला वाटलं, यात तो हरूच शकत नाही.

तीन आठवडे लावले त्याने. मी सकाळी कॉफी घेऊन जायचे आणि दारातच थांबायचे, कारण पैज म्हणजे पैज, मी काहीही बोलायचं नव्हतं. चारही बुचं त्याने पूर्वीसारखीच कापली. हात थरथरायचे, पण कानस लावली की थांबायचे. हवेच्या बाजूचं भोक बुजवलं. शेवटच्या दिवशी चावी फिरवली आणि इंजिन असं लागलं म्हणून सांगू, पाण्यावर तेल पसरावं तसं. तो बॉनेटवर हात ठेवून उभा होता. मी म्हटलं, “जिंकलास.” तो म्हणाला, “अजून गाडी गोठ्यातच आहे, बाई.”

सहल जूनच्या पहिल्या शनिवारी होती. लुसिंडा सॅक्रामेंटोहून परस्पर येणार होती. आम्ही सकाळी आठला निघालो. टाकी काठोकाठ भरलेली, छप्पर उघडं, टोस्टेच्या डोक्यावर ओदेतने विणलेली टोपी. सपाट रस्त्यावर गाडी पाखरासारखी गेली. तो गात होता, बापाच्या तोंडचं कुठलंतरी बेटावरचं गाणं, अर्धे शब्द विसरलेलं. मला वाटलं हे असंच चालू राहावं, समुद्र आला नाही तरी चालेल.

धरणाच्या पुढे खिंडीचा चढ लागला आणि गाडीने पहिला आचका दिला. मग दुसरा. पेट्रोल ओढणारी छोटी मोटर मागे टकटक करत असते, ती अडखळायला लागली. टोस्टेने कशीबशी गाडी धरणाच्या वरच्या थांब्यावर घेतली आणि ती मेली.

“पेट्रोल खराब दिसतंय,” तो म्हणाला आणि बॉनेट उघडून कार्बोरेटरवर वाकला.

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि कोपऱ्यात बघितलं. डबा नव्हता. जागा रिकामी, स्वच्छ पुसलेली. आणि टाकीकडून येणाऱ्या नळीच्या तोंडात एक छोटा बोल्ट, त्यावर पट्टी, स्क्रूने कचकचून आवळलेली.

मी काहीतरी पुटपुटत मागे गेले आणि टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! तो आवाज त्या वाऱ्यातही एवढा मोठा वाटला की मी खोटं खोटं खोकले. झाकण ढिलं ठेवावं म्हटलं तर वळणावर पेट्रोल बाहेर येतं, आणि या माणसाचं नाक कुत्र्याचं. पुन्हा घट्ट लावलं. ती पट्टी सोडवायची तर स्क्रूड्रायव्हर त्याच्या सदऱ्याच्या खिशात. शिवाय बॉनेटला मी हात लावला की बाळ रडल्यावर आई धावते तसा तो धावत येणार.

“तापलं असेल रे इंजिन,” मी म्हटलं. “दहा मिनिटं थांबू.”

दहा मिनिटांनी गाडी लागली. टोस्टे खुलला. “बघ, मी म्हटलं नव्हतं?” काय म्हटलं होतंस, माझ्या राजा!

मी मनात हिशेब केला. वीस मैल व्हायच्या आत एकदा झाकण उघडायचं. खिंड उतरल्यावर फळांचं दुकान आलं तसं मी ओरडले, “थांबव, मला लघवीला लागलीये!” तो म्हणाला, “आत्ताच तर थांबलो होतो.” मी म्हटलं, “माझ्या लघवीला तुझी परवानगी लागते का? जा, चेरी घेऊन ये.” तो दुकानाकडे वळला तसं मी झाकण उघडलं. पुढे गिलरॉयला पुन्हा. “लसूण घे.” “एवढा लसूण कशाला?” “लुसिंडाला आवडतो.” लुसिंडाला लसणाचा वास सहन होत नाही, हे त्यालाही माहीत होतं. तरी तो गेला आणि दोन जुड्या घेऊन आला. वॉट्सनव्हिलच्या आधी घाटात मी तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा तो एवढंच म्हणाला, “डॉक्टरला दाखव, इल्डे.” आणि गाडीपासून चार पावलं लांब जाऊन डोंगराकडे बघत उभा राहिला.

पण पोचलो! अकराच्या सुमाराला आम्ही वाळूपर्यंत पोचलो, स्वतःच्या चाकांवर. सहलीची माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली. फादर कोएल्योंनी, ज्यांचं इंजिन गेलं होतं त्यांनी, टोस्टेला मिठी मारली. लुसिंडा सोपाशचं, म्हणजे आमच्या सणाच्या रश्श्याचं, मोठं पातेलं ढवळत होती. ती हात पुसत आली, गाडीकडे बघितलं, बापाकडे बघितलं.

“ठीक आहे, पापा. तुम्ही जिंकलात. वर्षभर मी एक शब्द बोलणार नाही.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं होतं की काळजीचं, मला कळलं नाही. मी मात्र आभाळाला हात लावून आल्यासारखी फुशारले होते. घरी नेऊन डबा गुपचूप जागेवर बसवायचा, नळी जोडायची, कुणाला कळणारही नाही, असं सगळं मनात ठरलंसुद्धा होतं.

टोस्टे आणि मी वाडगे घेऊन गाडीपाशी बसलो. रश्श्यात भिजलेला पाव, वर पुदिना. तो खात नव्हता.

“इल्डे, तू वाटेत झाकण उघडत होतीस.”

“कसलं झाकण? मला लघवीला…”

“धरणावर उघडलंस. घाटातही उघडलंस. मी ऐकलं.”

मला राग आला, पकडले गेल्याचा. “ऐकलंस तर मग बोलला का नाहीस, शहाण्या?”

“काय बोलणार?” त्याने वाडगा बाजूला ठेवला. “आवाज ओळखीचा होता. फार ओळखीचा. धरणावर ऐकला तेव्हा अंगावर काटा आला माझ्या. म्हटलं, हा आवाज मला माहीत आहे. हा मी लोकांना ऐकवायचो. पण कशाचा, ते आठवेना. लसूण घेताना आठवत होतो, घाटात आठवत होतो. तू पुन्हा उघडलंस, पुन्हा ऐकला. नाही आठवलं.” तो माझ्याकडे वळला. “कशाचा होता, सांग ना.”

आयुष्यभर मी कुणाचं उत्तर बाकी ठेवलं नाही. त्याचंही ठेवलं नाही. मग मी त्याला सांगितलं. काउंटरवर नवीन गिऱ्हाईक आलं की सांगायचे तसं, पहिल्यापासून. टाकी, झाकण, नळी, कोळशाचा डबा. तो लक्ष देऊन ऐकत होता, मधूनमधून मान हलवत होता. त्यानेच मला शिकवलेलं मी त्याला शिकवत होते आणि तो पहिल्यांदाच ऐकत होता.

“असं होय,” तो म्हणाला. “आणि ते बूच मी लावलं?”

“हो.”

“नीट लावलंय का?”

“एकदम नीट. सुईच्या टोकाएवढी हवा जात नाही.”

तो थोडंसं हसला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला, वाळू झटकली आणि पातेल्यापाशी गेला. मी मागून ओरडले, “टोस्टे, मूर्खपणा करू नकोस, जिंकलायस तू!” त्याने वळून बघितलंच नाही.

“पोरी,” तो लुसिंडाला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “पैज मी हरलोय. तुझ्या गाडीत जागा आहे का?”

तिने हातातला डाव खाली ठेवला आणि बापाच्या गळ्यात पडली. त्या दिवशी ती एकही शब्द शिकवल्यासारखा बोलली नाही. संध्याकाळ व्हायच्या आतच ते निघाले. जाताना त्याने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला, पन्नास वर्षांत कुणाला दिला नव्हता तो.

सगळे गेल्यावर मी बॉनेट उघडलं, पट्टी सोडवली आणि ते बूच उपटून काढलं. नळीचं तोंड मोकळं सोडलं आणि एकटी घरी निघाले. घाटात मी देवाला म्हणत होते, बंद पाड. खिंडीच्या चढावर तर मोठ्याने म्हणाले, वारा होता, कोण ऐकतंय! एकदा तरी बंद पाड रे बाबा. बंद पडली असती तर चूक बुचाची नाही, दुसऱ्याच कशाचीतरी आहे असं म्हणता आलं असतं, पेट्रोलची, कार्बोरेटरची, त्या इंग्रजांची, कुणाचीही, आणि मी तशीच उलटी फिरून सॅक्रामेंटोला जाऊन त्याला परत घेऊन आले असते.

गस्टीनपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही.